कांदा चिरला म्हणून बाळाच्या हृदयाला भोक पडत नाही

२०२२ च्या नोव्हेंबरात माझ्या मामेबहिणीचा, ताईचा, विसाव्या आठवड्याचा ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का बघायची सोनोग्राफी, होता. स्कॅन करणाऱ्या डॉक्टर बाळाच्या छातीवरच प्रोब धरून बराच वेळ थांबल्या, काही बोलल्या नाहीत, मग जेल पुसायला टिश्यू देत म्हणाल्या, मिस्टरांना आत बोलवा. दोन दिवसांनी फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, झाली आणि नाव कळलं, टेट्रालॉजी ऑफ फॅलोट, हृदयातला एक जन्मजात दोष. त्या संध्याकाळी लालबागच्या त्यांच्या दोन खोल्यांत घरचे सगळे जमले, मीपण गेलो होतो, आणि ताईच्या आत्येसासूंनी सगळ्यात पहिला प्रश्न विचारला तो असा, "ग्रहणात काही चिरलंबिरलं होतंस का गं?"

२५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. मुंबईतून दिसलं होतं. ताईने त्या संध्याकाळी भाजीसाठी कांदा चिरला होता. ती "हो" म्हणाली, आणि तो एक "हो" तिच्या अंगाला पुढे वर्षभर चिकटून राहिला, बाळ झालं तेव्हा, बाळ रडताना निळं पडायचं तेव्हा, ऑपरेशनच्या दिवशी बाकड्यावर बसलेली असताना सुद्धा.

आत्येसासूंवर मला राग काढायचा नाहीये. त्या माऊलीने पुढे दोन महिने हॉस्पिटलात डबे पोचवलेत. त्यांच्या डोक्यात प्रश्न होता, "हे असं झालं कसं?" आणि त्या प्रश्नाला हॉस्पिटलातून उत्तर मिळालं नाही, म्हणून घरात पडलेलं जुनं उत्तर त्यांनी उचललं. डॉक्टरांना मी स्वतः विचारलं होतं की का झालं असेल, त्यांनी खूप शांतपणे सांगितलं की बहुतेक केसेसमध्ये एकच एक कारण सापडत नाही, तुम्ही कोणी काही चुकलेलं नाहीये. ते खरंच आहे. पण "कारण माहीत नाही" हे वाक्य घरी पोचेपर्यंत "कारण लपवतायत" असं होतं, आणि लपलेलं कारण शोधायला गेलं की ते शेवटी आईपाशीच सापडतं. पपई खाल्ली, जड उचललं, गाडीवरून गेली, ग्रहणात चिरलं. बापाने काय केलं हे कधी कोणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

म्हणून मला जे वाटतं ते सरळ लिहितो. गर्भात अवयव कसे घडतात हे इमेजिंग आणि कॉम्प्युटर मॉडेल वापरून शोधणं हा चार शास्त्रज्ञांच्या आवडीचा विषय म्हणून बाजूला ठेवायचा नाही, तो सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे आणि बायकांना विनाकारण दोष लागू नये याचाही आहे, आणि मुंबईने त्यासाठी पैसा, जागा आणि स्वतःच्या हॉस्पिटलांतला स्कॅनचा साठा असं तिन्ही द्यायला पाहिजे. मी डॉक्टर नाही. ऐरोलीत एका कंपनीत सिम्युलेशनचं काम करतो, गाडीचे पत्र्याचे पार्ट दाबल्यावर कुठे वाकतील, कुठे चुणी पडेल, कुठे फाटतील हे प्रेसवर पत्रा घालायच्या आधी कॉम्प्युटरवर बघायचं. त्या नोव्हेंबरात झोप येत नव्हती म्हणून रात्री वाचत बसायचो आणि हळूहळू लक्षात आलं की भ्रूणाचं हृदय ज्या प्रश्नाशी झगडतंय तो माझ्या टेबलावरचाच प्रश्न आहे.

आधी ग्रहणाचं निकाली काढू. गर्भ राहिल्यापासून साधारण २२ व्या दिवशी हृदय धडधडायला लागतं, तेव्हा ती नुसती एक नळी असते. ती वाकते, पीळ घेते, मग आत पडदे तयार होतात, आणि आठव्या आठवड्याच्या आसपास चार कप्प्यांचं हृदय जवळपास बांधून झालेलं असतं. ग्रहणाच्या दिवशी ताईला डॉक्टरांच्या हिशोबाने पंधरावा आठवडा चालू होता, म्हणजे गर्भ राहून तेरा आठवडे. ज्या भिंतीत चूक होती ती भिंत महिनाभर आधीच बांधून झाली होती. ओठाचंही तेच, दुभंगलेला ओठ म्हटलं की आपल्याकडे लगेच ग्रहण आठवतं, पण वरचा ओठ जुळतो तो सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमाराला, कित्येक बायकांना तेव्हा दिवस गेलेत हे नुकतंच कळलेलं असतं. हे साधं वेळापत्रक मी त्या घरात कागदावर काढून दाखवलं. आत्येसासू बराच वेळ कागदाकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "मग कशाने झालं?" वेळापत्रकाने "कधी" कळतं, त्यांना "कसं" हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

फॅलोटचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. चार दोष एकत्र, खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या भोकावर सरकून बसलेली, आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड. ऐकताना वाटतं की या पोराच्या नशिबी एकदम चार चार गोष्टी आल्या. पण नीट बघितलं तर मूळ गडबड एकच असते, बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांच्या मधला पडदा जिथे बसायला हवा तिथून जरासा पुढे सरकून बसतो, त्यामुळे एक वाट अरुंद होते, भिंतीशी जुळणी होत नाही म्हणून भोक राहतं, महाधमनी त्या भोकावर येते, आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजवी भिंत जाड होते. चार चुका नाहीत, थोडं चुकीच्या जागी बसलेलं एक पार्टिशन. हे मला कळलं तेव्हा मी ताईला रात्री साडेअकराला फोन केला होता, ती रडली, पण वेगळं रडली.

आता पडदा सरकून का बसतो? इथे इमेजिंग लागतं आणि इथेच मॉडेल लागतं, दोघांपैकी एकाने भागत नाही.

इमेजिंगचं बघा. पूर्वी भ्रूण बघायचं म्हणजे त्याचे पातळ काप करायचे, काचेवर चिकटवायचे, रंगवायचे आणि एकेक काप बघून आख्खी वस्तू डोक्यात उभी करायची. ॲमस्टरडॅमच्या एका टीमने २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या कार्नेगी संग्रहातले असे हजारो काप घेऊन पहिल्या दोन महिन्यांच्या मानवी भ्रूणाचा थ्रीडी ॲटलस केला, विद्यार्थ्यांनी एकेका कापावर अवयवांच्या कडा हाताने गिरवल्या, वर्षानुवर्षं, आणि निघालं काय तर पाठ्यपुस्तकात माणसाच्या नावावर छापलेल्या बऱ्याच गोष्टी कोंबडीच्या आणि उंदराच्या भ्रूणावरून उचललेल्या होत्या, माणसात त्या तशा होतच नाहीत. दुसरीकडे २००४ मध्ये जर्मनीत लाइट-शीट मायक्रोस्कोप आला, त्यात प्रकाशाची पातळ पट्टी एका वेळी एकच थर उजळते, त्यामुळे जिवंत भ्रूण न भाजता तासन् तास बघता येतं. २०१८ मध्ये याच पद्धतीने उंदराचा भ्रूण सलग दोन दिवस वाढताना टिपला गेला. आणि झेब्राफिश, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटला पिशवीत मिळतो तो पट्ट्यापट्ट्यांचा बोटभर मासा, मूळचा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला, १८२२ मध्ये त्याची नोंद झाली ती गंगेतल्या माशांच्या अभ्यासातच. त्याचं अंड पारदर्शक असतं आणि एका दिवसात आत हृदय धडधडायला लागतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, या माशावर काम चालतं. चर्चगेटहून बसने अर्ध्या तासावर, आणि आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे!

पण फोटो म्हणजे समज नव्हे. मी रोज फाटलेल्या पत्र्याचे फोटो बघतो, फोटोत फाटलेलं दिसतं, का फाटलं ते दिसत नाही. त्यासाठी म्हणावं लागतं की मला वाटतं अमुक ठिकाणी ताण जास्त आला असेल, मग ते गणितात मांडायचं, कॉम्प्युटरवर पत्रा वाकवायचा आणि बघायचं की खऱ्या पत्र्यासारखीच चुणी पडते का. पडली तर अंदाज टिकला म्हणायचं, नाही पडली तर अंदाज गेला. भ्रूणाच्या बाबतीत अगदी हेच करतात, आणि यातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण आतड्याचं आहे.

आपलं लहान आतडं काही मीटर लांब असतं आणि पोटात नीट वेटोळी घालून बसलेलं असतं, आणि ती वेटोळी कशीही पडत नाहीत, एकाच जातीच्या प्राण्यांत जवळपास सारखी पडतात. पूर्वी वाटायचं की प्रत्येक वळणासाठी जनुकांत वेगळी सूचना असेल. २०११ मध्ये हार्वर्डच्या एका टीमने, त्यात आयआयटी मद्रासला शिकलेले एल. महादेवन होते, दाखवलं की तसं काही लागत नाही. आतडं एका पातळ पडद्याने पोटाच्या मागच्या भिंतीला धरलेलं असतं, आतडं भराभर वाढतं आणि पडदा हळू वाढतो, मग जास्त लांबीचं आतडं कमी लांबीच्या पडद्याला धरून राहायचं म्हणजे वळणं घेणारच. त्यांनी कोंबडीच्या भ्रूणातलं आतडं पडद्यापासून सोडवलं तर ते सरळ झालं. मग चक्क रबराची शीट ताणून तिच्या कडेला रबरी नळी शिवली, ताण सोडला, आणि नळीची आतड्यासारखी वेटोळी झाली. माझी आई घरी फ्रॉक शिवायची, कमरेला इलॅस्टिक ताणून धरायची, कापड शिवायची आणि सोडून द्यायची, चुण्या आपोआप सारख्या अंतरावर पडायच्या, तिने कधी एकेक चुणी मोजली नाही. तीच गोष्ट. पुढे किती वळणं पडतील, केवढी पडतील हे त्यांनी पडद्याची जाडी, आतड्याचा कडकपणा मोजून गणिताने काढलं आणि कोंबडी, लावा पक्षी, फिंच पक्षी, उंदीर सगळ्यांत जुळलं.

मेंदूच्या वळ्यांचंही तसंच, २०१६ मध्ये २२ आठवड्यांच्या गर्भाच्या एमआरआयवरून जेलचा गुळगुळीत मेंदू बनवला, बाहेरचा थर फुगू दिला, आणि खऱ्या मेंदूसारख्या घड्या पडल्या, कॉम्प्युटरवर केलं तिथेही पडल्या. बोटांचं आणखी वेगळं. ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ मध्ये गणित मांडलं होतं की वेगवेगळ्या वेगाने पसरणारी दोन रसायनं एकमेकांशी खेळली की पट्टे आणि ठिपके आपोआप तयार होतील, तेव्हा ते कागदावर होतं, २०१४ मध्ये बार्सिलोनाच्या एका टीमने उंदराच्या पंजाच्या इमेजेस आणि मॉडेल एकत्र ठेवून दाखवलं की बोटं बहुतेक अशीच, पट्ट्यांसारखी, उमटतात.

आणि हृदय. २०१७ मध्ये पॅरिसच्या टीमने उंदराच्या हृदयाची नळी वाकताना थ्रीडीत टिपली आणि मग कॉम्प्युटरवर तशी नळी वाकवली. नळी दोन्ही टोकांना पक्की धरलेली आहे आणि मधे वाढतेय, तर ती बकल होणारच, म्हणजे बाजूला फुगणार, पण कुठल्या बाजूला? आमच्या कामात पट्टी दोन्हीकडून दाबली की ती डावीकडे वाकेल की उजवीकडे हे नुसतं गणित सांगू शकत नाही, म्हणून आम्ही मॉडेलमध्ये मुद्दाम एक बारीकशी खोट घालतो, केसाएवढी, आणि ती खोट ठरवते पट्टी कुठे जाणार. भ्रूणातही हेच निघालं. नळीच्या दोन टोकांपाशी डाव्या-उजव्या बाजूत बारीक फरक असतो, आणि तेवढा फरक वाकण्याला दिशा द्यायला पुरतो. तो डावा-उजवा फरक येतो कुठून, तर भ्रूणाच्या एका छोट्या खळगीत सूक्ष्म केसांसारखे तंतू गोल फिरत असतात आणि द्रव डावीकडे ढकलत असतात, तिथून. एवढ्याशा प्रवाहावर ठरतं की तुमचं हृदय डावीकडे असेल. पुढे रक्तही कामाला लागतं, कोंबडीच्या भ्रूणात हृदयाच्या डाव्या बाजूला जाणारं रक्त कमी केलं तर डावी बाजू खुजी राहते, म्हणजे हृदय रक्त पंप करतं तसंच रक्त हृदय घडवतं.

हे वाचून माझ्यात जे बदललं ते सांगतो. इतक्या बारीक फरकांवर, इतक्या थोड्या दिवसांत, इतकं काही उभं राहतं, तर दर हजार बाळांत आठ-दहांच्या हृदयात काहीतरी दोष राहतो याचं आश्चर्य वाटायचं थांबलं आणि बाकीची नऊशे नव्वद नीट घडतात याचं वाटायला लागलं. ताईच्या बाळाचा पडदा नेमका का सरकला हे यातलं कुठलंच मॉडेल आज सांगू शकत नाही. आईला सुरुवातीच्या दिवसांत कंट्रोलमध्ये नसलेला डायबिटीस असेल, रुबेला झाला असेल, २२ व्या गुणसूत्राचा एक तुकडा नसेल, तर धोका वाढतो हे माहीत आहे, ताईच्या बाबतीत यातलं काही निघालं नाही. पण "कारण सापडत नाही" आणि "बारीक फरकांचा खेळ कसा चालतो हे माहीत आहे, तुमच्या बाळात कुठला फरक पडला ते दिसलं नाही" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यात कांद्याला जागाच नाही.

आता विरोधाचं बोलतो, कारण मी हे मित्रांत बोललो तेव्हा विरोध झाला, आणि तो उगाच केलेला नव्हता.

पहिला मुद्दा पैशाचा. सरकारी हॉस्पिटलात पेशंट जमिनीवर गाद्या टाकून झोपतात, औषध बाहेरून आणायला सांगतात, आणि तू मायक्रोस्कोप आणि सुपरकॉम्प्युटर मागतोस? हा प्रश्न विचारणाऱ्याचं मी ऐकून घेतो, कारण ताईचं बाळ ज्या वॉर्डात होतं तिथे मीही रात्री जमिनीवर झोपलोय. पण महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर आहे, आणि देश म्हणून आपण संशोधनावर जीडीपीच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो. खाट आणि संशोधन ही एकाच ताटातली भांडणारी भावंडं असल्यासारखं आपण बोलतो, दोघांच्याही ताटात कमी पडतंय हे बोलत नाही. आणि कधी काय घडतं हे कळण्याचा फायदा गरीब माणसालाच आधी होतो. न्यूरल ट्यूब, म्हणजे ज्यातून पुढे मेंदू आणि मणक्यातली मज्जा होते ती नळी, २८ व्या दिवसापर्यंत मिटते, म्हणून ती नीट मिटायला मदत करणारी फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जायच्या आधीपासून घ्यायची असते, नाव नोंदवायला गेल्यावर सुरू केली तर ती वेळ बहुधा निघून गेलेली असते. गोळीचा उपयोग १९९१ च्या मोठ्या चाचणीत सिद्ध झाला, कुठल्या कॉम्प्युटर मॉडेलमुळे नाही, हे कबूल. पण कधी घ्यायची हे भ्रूणाच्या वेळापत्रकातूनच कळतं.

आपल्याच मुंबईतलं उदाहरण आहे. इथल्या वस्त्यांमध्ये २००६ पासून काही वर्षं एक मोठा प्रयोग झाला, ६ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या, त्यांना रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ दिला, आणि तो दिवस जायच्या आधीपासून दिला, कारण अवयव घडायची वेळ निघून गेल्यावर खायला घालण्यात उशीर झालेला असतो ही त्यामागची समज. सरसकट सगळ्यांत बाळाचं वजन वाढलं असं निघालं नाही, ज्यांनी निदान तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्यात थोडं वाढलं. जादू झाली असं मी म्हणत नाहीये. एवढंच म्हणतोय की वस्तीतल्या बाईला खाऊ कधी द्यायचा हा निर्णय भ्रूणशास्त्रावर उभा होता, आणि तो खाऊ लागतो ती बाई माझ्या शेजारी राहते, पॅरिसला नाही.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, सोनोग्राफी आणि मुलींचा. गर्भाच्या इमेजेस गोळा करायच्या म्हटलं की महाराष्ट्रात कोणाच्याही पोटात गोळा यायला हवा, आणि यावा, कारण याच मशीनने आपण मुली मारल्या आहेत. गर्भलिंग निदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये, मग १९९४ मध्ये केंद्राचा आला, आणि मशीनची नोंदणी, प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म हे सगळं त्यातून आलं. त्यात एक अक्षर सैल करा असं मी म्हणत नाही. पण हृदयाच्या, किडनीच्या, मेंदूच्या अभ्यासाला बाळाचं लिंग लागतच नाही. इमेज साठ्यात जायच्या आधी तेवढा भाग कापून टाका, नाव-गाव काढून टाका, आणि बाळ जन्माला येईपर्यंत ती फाईल कोणालाच उघडता येणार नाही असं कुलूप घाला. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आमच्या कंपनीत क्लायंटच्या पार्टची फाईल यापेक्षा जास्त जपतात. कायद्यानेच सेंटरना ही रेकॉर्ड दोन वर्षं जपून ठेवावी लागतात, म्हणजे जपायची सवय आहे, त्यातून शिकायची नाही.

आणि संमती. कार्नेगी संग्रह ज्या काळात जमला तेव्हा आजच्यासारखी संमती घ्यायची पद्धत नव्हती, ज्या बायकांच्या शरीरातून ते नमुने आले त्यांतल्या बहुतेकींना आपलं काय झालं, कुठे गेलं हे कळलंही नसणार, आणि आख्खं जग त्यावर शिकलं. आपण ते तसं करायचं नाही. आईला तिच्या भाषेत, मराठीत, हिंदीत, उर्दूत, भोजपुरीत, सही घ्यायच्या घाईत नाही तर बसवून सांगायचं, आणि नाही म्हणाली तर तिच्या उपचारात नखाएवढा फरक पडता कामा नये. उद्या एखाद्या खाजगी कंपनीने हा साठा नेऊन त्यावर धंदा केला तर तो त्या बायकांचा विश्वासघात होईल, म्हणून साठा सार्वजनिक संस्थेकडेच पाहिजे.

एक मुद्दा नवीन आहे, की आता एआय आहे, हजारो स्कॅन दाखवा, ते ओळखायला शिकेल, गणितं कशाला मांडत बसायची? ओळखण्यासाठी एआय उपयोगी आहे, जिथे फीटल इको करणारा तज्ज्ञ नाही तिथे तर फारच. पण एआय सांगेल की हे फॅलोटसारखं दिसतंय. पडदा पुढे का सरकला, रक्ताचा प्रवाह तेव्हा वेगळा असता तर सरकला असता का, हे विचारायला असं मॉडेल लागतं ज्यात आपण एक गोष्ट बदलून बघू शकतो. माझ्या कामात पण आता एआयची टूल्स आलीत, चुणी कुठे पडेल ते पटकन सांगतात, पण पार्ट सुधारायचा असेल तेव्हा अजून जुनं गणितच उघडावं लागतं.

"का" आणि "पुढे काय" हे प्रश्न फक्त कुतूहलाचे नाहीत. २००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं, गर्भाच्या हृदयात दोष सापडला होता आणि गर्भपातासाठीची तेव्हाची २० आठवड्यांची कायदेशीर मुदत उलटून गेली होती, कोर्टाने परवानगी दिली नाही. २०२१ मध्ये कायदा बदलला, काही गटांतल्या बायकांसाठी मुदत २४ आठवडे झाली आणि गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही मेडिकल बोर्ड ठरवू शकतं. म्हणजे आज एका बोर्डासमोर इमेज ठेवली जाते आणि हे हृदय पुढचे चार महिने कसं वाढेल याचा अंदाज करून एका बाईच्या आयुष्याचा निर्णय होतो. तो अंदाज जितका नीट बांधलेला तितकं बरं, आणि तो बांधायला आपल्याकडच्या, आपल्या आयांच्या, अशक्त आयांच्या, डायबिटीस असलेल्या आयांच्या गर्भांची माहिती लागेल, शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कापांवर कायम कसं भागेल?

आपल्याला जमत नाही असं कोणी म्हणू नये. आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीतल्या गर्भाच्या मेंदूचा धरणी नावाचा ॲटलस जगासमोर ठेवला, ५ हजार १३२ काप, पेशी न् पेशी दिसेल इतके स्पष्ट, आणि कोणालाही फुकट बघता येतात. कॉम्प्युटरचं म्हणाल तर देशात घडवलेला टीआयएफआरॅक १९६० मध्ये याच शहरात सुरू झाला होता. आणि परळ बघा. केईएम, वाडियाचं बाळंतपणाचं हॉस्पिटल, वाडियाचं लहान मुलांचं हॉस्पिटल, प्रजनन आणि बालआरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था, सगळं पायी फिरता येईल एवढ्यात. पोटातलं बाळ, जन्मलेलं बाळ, ऑपरेशन झालेलं बाळ, सगळे एका रस्त्यावरून जातात. पवईला आयआयटी, कुलाब्याला टीआयएफआर, तिथे गणितवाले, भौतिकशास्त्रवाले, मासेवाले बसलेत. जगात फार थोड्या शहरांत इतकं सगळं एका लोकल तिकिटात येतं.

मी मागतोय ते फार मोठं नाही. परळमध्ये एक सार्वजनिक साठा, संमतीने दिलेल्या गर्भाच्या हृदयाच्या स्कॅनचा, फक्त हृदयापासून सुरुवात करा, सगळे अवयव एकदम नकोत. प्रत्येक स्कॅनला पुढे जन्मानंतर काय निघालं ते जोडलेलं, कारण त्याशिवाय मॉडेल खरं की खोटं कळणार नाही. त्याच्या शेजारी पाच-सहा मॉडेलिंग करणारी माणसं पक्क्या पगारावर, दर सहा महिन्यांनी करार संपणारी नकोत, अशी मुलं मी बघितलीत, काम समजायला लागतं तोवर ती बंगळुरूला नाहीतर बाहेर गेलेली असतात. आणि एक काउन्सेलर, जी रिपोर्ट आल्यावर आईसोबत घरच्यांनाही बसवून, स्क्रीनवर ती नळी वाकताना दाखवेल, मराठीत सांगेल की बघा, इथे पडदा यायला हवा होता, तो एवढासा पुढे आला, तेव्हा सातवा आठवडा चालू होता. हे शेवटचं पद बजेटमधून सगळ्यात आधी कापलं जाईल याची मला भीती आहे, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच भरायला हवं.

ताईचा मुलगा आठ महिन्यांचा असताना ऑपरेशन झालं. आता बालवाडीत जातो, छातीवर मधोमध रेघ आहे, जिना पळत चढतो आणि आम्ही सगळे अजूनही खालून श्वास रोखून बघतो. त्याच्या त्या स्कॅनचे कागद ताईने कपाटात साडीच्या बॉक्समध्ये ठेवलेत. थर्मल पेपर आहे, फिका पडत चाललाय, हृदयाची बाह्यरेषा आता तिरकं धरल्यावरच दिसते. मी तिला विचारलं की कोणी अभ्यासासाठी मागितलं तर देशील का. ती म्हणाली, "देईन की. पण मला पण सांगायला सांग, काय सापडलं ते. आणि आत्यांना पण."